नावाची जागा

मिशन दवाखान्याच्या खिडकीत बसून
बाबांनी एकतीस वर्षं पावत्या फाडल्या.
जाळीआड चष्मा, शाईने निळं झालेलं बोट,
समोर तापाचे, बाळंतपणाचे, माडावरून पडलेले.

रविवारी संध्याकाळी आमच्या वेंगुर्ल्याच्या ओट्यावर
पुन्हा हिशेबच निघायचा, वरच्या दप्तरातला:
ख्रिस्त मेला तो नक्की कुणासाठी?
नाथानिएल मास्तर म्हणत, सगळ्यांसाठी, शांतवनराव,
त्यात वजाबाकी कसली?
बाबा म्हणत, मग एकाच बिलाचे पैसे
देव दोनदा घेतो का?
भरलं असेल तर भरलं.
ज्याच्यासाठी भरलं तो बुडेल कसा?
आणि बुडतोच आहे कुणी, तर...
हे वाक्य ते पुरं करत नसत.
मास्तरांचा अडकित्ता थांबे.

सालोमी नर्स ड्युटीवरून परतताना
फाटकातूनच सांगे, बाटली भरलेली आहे हो,
सगळ्या वॉर्डाला पुरेल इतकी.
न पिणाऱ्याला डॉक्टर काय करणार?
मग वाचवलं कुणी, बाबा विचारत,
औषधानं, की पिणाऱ्याच्या घोटानं?
ती हसून निघून जाई. तिचे पाय दुखत असत.

मी आठ-नऊ वर्षांची, काजूच्या बिया मोजत बसलेली.
मला 'पुष्कळ' हा शब्द आवडत नसे.
पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत, हे
खाऊ वाटताना शेवटी उभ्या पोरीला
शिकवावं लागत नाही.

मग अमोस गेला.
मेला नाही, गेला. आधी मंडळीतून, मग घरातून,
मग रेडी बंदरातून, लोहखनिजाच्या जहाजावर.
जाताना म्हणाला, मला तुमच्या यादीत धरू नका.

त्या रविवारी मास्तर आले, पानाचा डबा उघडला,
आणि आईनं आतून, पिठाच्या हातांनी येऊन विचारलं,
आपला अमोस त्यात आहे का?
एवढंच. त्यात.
मास्तर 'सगळे' म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.
बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला,
पुसतच राहिले.

बाबा गेल्यावर ट्रंकेत एक पावतीपुस्तक सापडलं.
सगळं कोरं, एक पावती सोडून.
तिच्यावर: मिळाले, पूर्ण. सही. शिक्का.
तारीख अमोस गेला त्या महिन्यातली.
नावाची जागा रिकामी.

लिहून खोडलं असेल म्हणून उजेडात धरली.
काही नव्हतं.
कुणाचंही बसावं म्हणून रिकामी?
की नाव ठाऊक होतं आणि हात धजला नाही?
की खिडकीशी कुणी हाक मारली, राहून गेलं?
बाबांच्या हातून असं राहत नसे.
ऑडिटवाले त्यांच्या पुस्तकांना नुसते टेकत, चहा पीत.

काल सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते.
दोन्ही दोऱ्या ताणलेल्या, माणसं मागे कलंडलेली.
मी नुसती चालत होते, चपला हातात.
वाळूवर वाटे पडले: बांगडे, थोडे पेडवे,
पोट फुगवून बसलेला एक केंड, तो पोरांनी परत फेकला.
होडीचा वाटा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा,
आजारी भिवाचा, जो आलाच नव्हता.
तांडेलानं हाक मारली, दोन बांगडे पुढे केले.
मी म्हटलं, मी दोरीला हात लावला नाही.
तो म्हणाला, हात नाय लागलो,
पण दोरी तुझ्या पायाक लागली मां?

खाली पाहिलं. घोट्यावर ओला वळ होता खरा.

घेतले.
एक तिसरा मागावा असं वाटलं,
कुणासाठी ते न सांगता.
वाटे त्यानं आधीच मोजून ठेवले होते,
की मला पाहून एक वाढवला,
ते मी विचारलं नाही.